दुसऱ्या कप्प्यातली मोकळी जागा

आमच्या सेनगावच्या घरात बसायच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. घरी येणारा पाहुणा आधी त्या कपाटाकडे बघतो, मग आमच्याकडे बघतो आणि हमखास विचारतो, "दुकान टाकलं का?" या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन माझं तोंड दुखलं. दुकान नाही. त्यातलं काही विकायचं नाही. ते सगळं माझ्या बापानं हौसेनं जमवलेलं आहे, आणि त्या हौसेपायी आईची स्टीलची भांडी कित्येक वर्षं खाटेखाली पोत्यात पडून राहिली.

माझे वडील फुलसिंग आडे एसटीत कंडक्टर होते, हिंगोली डेपोत. आम्ही त्यांना बापू म्हणतो. दुसरे लोक दारू पितात, पत्ते कुटतात. बापू जुन्या काळच्या पोशाखातले पुतळे जमवतात. पुतळा वीतभराहून मोठा नको आणि अंगावरचा पोशाख बरोब्बर त्या काळातला हवा, एवढ्याच दोन अटी. रुमी टोपीतला निजामाचा शिपाई, अंगरख्यातला कारकून, लाल कोटातला गोरा सायब, नथ घातलेली नऊवारीतली बाई, पखालीखाली वाकलेला भिस्ती, आणि मावळे तर विचारूच नका. देव मात्र कपाटात चालत नाहीत. आईनं एकदा औंढ्याहून आणलेला नागनाथाचा छोटा मुखवटा तिथं ठेवला तर बापूंनी तो उचलून देव्हाऱ्यात नेला. "देवाला काळ नसतो," म्हणाले. आता यावर माणसानं काय बोलावं?

हे सगळं सुरू झालं एक्क्याण्णव साली. रिसोडहून येणाऱ्या गाडीत सीटखाली एक पुठ्ठ्याचा डबा सापडला. नियमाप्रमाणे बापूंनी तो डेपोत जमा केला आणि सूर्यकांतकाकांनी, म्हणजे तिथल्या कारकुनांनी, वहीत नोंद केली. वर्षभर कोणी न्यायला आलं नाही. शेवटी काका वैतागून म्हणाले, "फुलसिंग, एकतर तू हे घेऊन जा, न्हाई तर मी उकिरड्यावर टाकतो." डब्यात मातीचा एक निजामी शिपाई होता. शेरवानी, रुमी टोपी, कमरेला पट्टा आणि एका बुटाचं टोक उडालेलं. तो शिपाई त्या दिवशी घरात आला आणि मग त्याच्यामागून फौज आली.

कंडक्टरच्या पगारात असली हौस परवडत नाही. पण एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर एकमेकांसाठी गावोगावचं सामान आणत असतात, त्यावर बापूंनी आपलं सगळं भागवलं. पुण्याच्या गाडीवरच्या माणसाला ते सांगून ठेवत, "दिवाळी झाल्यावर तिसऱ्या दिवशी जा, आदल्या दिवशी न्हाई." तिकडं लेकरं दिवाळीत मातीचे किल्ले करतात आणि त्यावर ठेवायला बाजारात मावळे येतात. सण सरला की उरलेले मावळे परत वाहून न्यायला कोणी तयार नसतं. नांदेडच्या एका कंडक्टरकरवी निर्मळहून लाकडी पुतळे येत, तेही रंग ओघळलेले आणि हात मोडलेले. धड पुतळा बापूंनी क्वचितच घेतला. हात मोडका असला की भाव पडतो आणि हात घरी बसवता येतो, हे त्यांचं शास्त्र. मग सुट्टीच्या दिवशी खाटेवर वर्तमानपत्र पसरून एम-सीलनं हात बसवायचे, खराट्याच्या काडीचे भाले करायचे आणि शिंप्याकडून आणलेल्या चिंध्यांतून पगडीपुरती पट्टी कापायची. मामीनं मला दिलेली लाल नेलपॉलिशची एकुलती एक बाटली गोऱ्या सायबाच्या कोटावर गेली. मी रडले तर बापू म्हणाले, "कोट बघ किती बराबर झाला." सायबाचा कोट बरोबर झाला, माझी नखं तशीच राहिली.

प्रत्येक पुतळ्याखाली एक चिठ्ठी. प्रवाशांनी टाकलेल्या तिकिटांच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात लिहिलेलं: कोण, कुठला, अंदाजे कोणत्या सालातला. ही माहिती कुठून आणायचे? हिंगोलीच्या वाचनालयातून, जुन्या कॅलेंडरांवरून आणि गाडीतल्या म्हाताऱ्यांकडून. "बाबा, तुमचा आजा पागोटं बांधायचा का रुमाल?" असं विचारत ते म्हाताऱ्याशेजारी टेकत आणि मागच्या सीटवरचे लोक तिकिटासाठी ओरडत. डेपोत त्यांना बाहुलीवाला कंडक्टर म्हणत. त्याचं त्यांना काही वाटत नसे. आम्हाला वाटायचं.

सगळ्यात मोठा जाच म्हणजे त्यांचा एक शब्द. चूक. कॅलेंडरवरच्या चित्रात चूक, नाटकातल्या सरदाराच्या मिशीत चूक, गॅदरिंगमध्ये मी झाशीची राणी झाले तर माझ्या पदरात चूक. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझा बाप पहिल्या रांगेतून हातानं खुणावत होता की पदर उजवीकडून घे.

हिंगोलीच्या दसऱ्याला रामलीला मैदानावर मोठं प्रदर्शन भरतं. चौऱ्याण्णव साली आम्ही तिघं गेलो. मी दहा वर्षांची होते आणि माझ्या हातात जिलबीचा द्रोण होता. एका स्टॉलवर कापडी बाहुल्या मांडल्या होत्या आणि एकीखाली लिहिलं होतं, लमाण स्त्री. बापू थांबले. आम्ही लमाणच. सेनगावपासून तासाभरावर लोहारदरा तांडा आहे, तिथले.

"ही कोण हाय?" बापूंनी विचारलं.

"लमानीन," स्टॉलवाला म्हणाला.

"लमानीन असा घागरा घालती व्हय? ही तर गरबा खेळून राहिली."

"भाऊ, घ्यायची तर घ्या, न्हाई तर पुढं व्हा. मागं गिऱ्हाईक हाय."

बापू पुढं झाले नाहीत. आमच्या बायकांचा घागरा, ज्याला फेटिया म्हणतात, तो कसा असतो, पाठ उघडी टाकणारी आरशांची कांचळी कशी असते, कवड्या कुठं येतात, हे त्यांनी त्या माणसाला अर्धा तास समजावून सांगितलं. गर्दी जमली. आईनं पदर तोंडावर ओढून घेतला. माझी जिलबी मऊ पडली. एवढं करून बापूंनी ती बाहुली घेतली नाहीच.

घरी आल्यावर त्यांनी कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात बरोबर मधले चार मावळे उचलले आणि खालच्या कप्प्यात दाटीनं कोंबले. मधे टीचभर जागा मोकळी झाली. "इथं आपली बाई येईल," म्हणाले. ती जागा पुढं नऊ वर्षं मोकळी होती. आईनं तिथं गजराचं घड्याळ ठेवून पाहिलं, मी माझा कप ठेवून पाहिला. दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत जागा पुन्हा मोकळी.

खरं तर ज्या बाईचा पुतळा त्यांना हवा होता ती तांड्यावर जितीजागती होती. बापूंची आई, जमनाबाई. बापू तिला याडी म्हणत, मी दादी. तांड्यावर जुना पोशाख रोज घालणाऱ्या दोनच म्हाताऱ्या उरल्या होत्या, दादी आणि तिची शेजारीण रुख्मिणीबाई. फक्त दादीच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना घुगरी नव्हती. घुगरी म्हणजे केसांत गुंफून गालांवर सोडलेले चांदीचे लोंबते दागिने, खाली बारीक घुंगरं असलेले. नवरा असलेल्या बाईनंच ते घालायचे. मी जन्मले त्या साली आजोबा वारले आणि दादीनं घुगरी उतरवली, दंडावरचा चुडाही उतरवला.

शहाण्णव साली दादी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली आणि राहिली. पुढचं सांगायला मला आजही जड जातं. एके दिवशी मी डबा विसरले म्हणून दादी तो घेऊन शाळेत आली. फेटिया, कांचळी, डोक्यावरून ओढणी आणि डोळ्यांवर ऑपरेशनचा हिरवा चष्मा. वर्गातल्या मुली हसल्या. एक म्हणाली, "दिपा, तुमच्या घरी रोजच गॅदरिंग हाय का?" मी घरी आले ती दप्तर फेकतच. दादीला म्हणाले, "साडी नेस, न्हाई तर माझ्या शाळेत येत जाऊ नको." दादीनं विचारलं, "काहून?" मी म्हणाले, "लोक हसून राहिले." पुढच्या आठवड्यापासून ती आईची साडी नेसायला लागली.

तेव्हा बापू लांबच्या गाडीवर होते. परत आले, दारात उभे राहिले आणि साडीतल्या आपल्या आईकडे बघत राहिले. आई म्हणाली, "तिला बराबर दिसती साडी." बापू म्हणाले, "दिसती."

त्या दिवसापासून त्यांनी दादीच्या मागं टुमणं लावलं.

"याडी, कांचळीला आरसे किती असतेत?"

"कोण मोजलं?"

"बाहीला कवड्या कितींदा येतेत?"

"तुझ्या बापाला माहीत होतं. त्याला विचार."

"तुझा लग्नातला फेटिया एकदा दाखव न. माप घेतो. बराबर तसाच पुतळा करतो तुझा."

"पुतळा मेलेल्या माणसाचा करत्यात," दादी म्हणायची. "मी जिती हाय. तुझा गोरा सायब हाय न तिथं, त्याच्यासंग बस."

हा संवाद सहा वर्षं चालला. जेवताना, भाकरी करताना, दादी देवाला हात जोडत असतानासुद्धा. मायलेक दोघंही हट्टी, आणि मधे आम्ही. आई तर एकदा कावून म्हणाली, "मीच नेसते तुमचा तो फेटिया आन बसते कपाटात, मग तरी गप बसाल का?"

दोन हजार दोनच्या आश्विनात रुख्मिणीबाई गेली. दादी तिच्या दिवसांना तांड्यावर गेली आणि येताना जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं घेऊन आली. घरात फक्त बापू होते. गाठोडं त्यांच्यापुढं ठेवून ती म्हणाली, "घे. लग्नातलं हाय, माझ्या मायनं शिवलेलं. माप घे अन् परत दे. मला नेताल तवा हेच घालायचं अंगावर." बापूंनी ते खाटेखाली सरकवलं. रविवारी साप्ताहिक सुट्टी होती, तेव्हा निवांत उघडून बघू, असा त्यांचा बेत. आईला सांगितलं तर ती धुऊन टाकील या भीतीनं तिलाही सांगितलं नाही. हे सगळं मला नंतर कळलं.

मी तेव्हा हिंगोलीला डी.एड.ला होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. साफसफाई माझ्याकडे; आई आणि दादी त्या सकाळी बाजाराला गेलेल्या. खाटेखाली वाकून बघितलं तर भांड्यांच्या पोत्याशेजारी चार गाठोडी. चारही जुन्या चादरींत बांधलेली. माझं डोकंच फिरलं. बापूंच्या चिंध्या! शिंप्याकडच्या कातरणी, पगड्यांच्या पट्ट्या, मावळ्यांचे कमरबंद. आईला चहा गाळायला धड फडकं मिळत नाही आणि या माणसानं चार गाठोडी चिंध्या जमवल्यात. तेवढ्यात गल्लीत आरोळी आली, "भांडेय!" जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी रूपाबाई. मी तिला दारात बसवलं आणि चारही गाठोडी तिच्यापुढं लोटली.

"बघून घे," म्हणाले आणि स्टुलावर चढून कपाट पुसायला लागले. एका हातात ओला फडका आणि दुसऱ्या हातात गोरा सायब.

पहिली तीन गाठोडी तिनं उघडली आणि परत ढकलली. "चिंध्या घेत न्हाई, बाई." चौथ्याची गाठ तिनं सोडली, आत बघितलं आणि पुन्हा बांधली. "ह्याच्यावर डबा देते," म्हणाली. झाकणाचा मोठा डबा, पाच किलो पीठ बसेल एवढा. रूपाबाई चमच्यासाठी अर्धा अर्धा तास हुज्जत घालणारी बाई. त्या दिवशी एका शब्दाचीही घासाघीस झाली नाही. मला वाटलं, मी व्यवहारात हुशार झाले. मी स्टुलावरून खालीसुद्धा उतरले नाही.

बापू दुपारी ड्यूटीवरून आले. आई डबा मिरवत होती, "बघा पोरीनं काय केलं, तुमच्या चिंध्यांचं सोनं केलं." बापूंनी पाय धुतले, खाली वाकले आणि विचारलं, "चौथं कुठंय?"

मी सांगितलं. ऐटीत सांगितलं.

बापू खाटेच्या कडेवर बसले. दादी पलीकडं तांदूळ निवडत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मला एवढंच म्हणाले, "ते याडीचं होतं." मग गाठोड्यात काय होतं ते सांगितलं. आईनं डबा खाली ठेवला. दादीनं तांदळाचं सूप बाजूला केलं, डबा जवळ ओढला, झाकण काढलं, लावलं, परत काढलं. "झाकण बराबर बसतंय," म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. तिनं मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बापूंनी रजा टाकली आणि मला घेऊन निघाले. रूपाबाईचं घर हिंगोलीत सापडलं. ती आधी तडकली, "पोरीनं दिलं, आमी घेतलं. चोरी केली का?" पण कशासाठी आलो ते ऐकल्यावर तिनं चपला घातल्या आणि आमच्याबरोबर आली. नक्षीचे जुने कपडे वेगळे काढून ती वारंगा फाट्यावरच्या एका माणसाला देई, आणि आमचं गाठोडंही तिनं कालच तिकडं पोचवलं होतं. तिथं हॉटेलं आणि टायरची दुकानं संपतात, त्याच्या मागं पत्र्याची शेड होती आणि आत छतापर्यंत कपड्यांचे गठ्ठे. तो माणूस भला होता. त्यानं आम्हाला सगळं उचकू दिलं. मी साड्या, शर्ट, परकर, गोधड्या उपसत राहिले. तासाभरानं तो म्हणाला, "लमाणी माल काल सांजच्याला गेला, हैदराबादला. तुमी उगी तकलीफ घेऊन राहिले."

"तिकडं काय करतेत त्याचं?" बापूंनी विचारलं.

"उशा शिवतेत. पिशव्या, पर्सा. मोठ्या लोकांला आवडतंय."

"कापतेत?"

"कापल्याबिगर पर्स कशी होईल?"

परतीच्या गाडीत मी वाट बघत होते की आता बोलतील, आता ओरडतील. मी शेवटी म्हणाले, "बापू, शिव्या तरी द्या न."

"तुझी चूक न्हाई," ते म्हणाले. "सगळ्यांला चिठ्ठ्या लावल्या मी. त्या गाठोड्याला लावली न्हाई." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपल्या लोकांनी ह्या सगळ्यांच्या फौजेला बैलावर धान्य वाहिलं, पोरी. निजामाच्या, पेशव्याच्या, गोऱ्याच्याबी. त्यांच्या कोटाला बटनं किती, ते पुस्तकात हाय. आपल्या बाईच्या अंगावर काय होतं ते कुठंच न्हाई. म्हनून मी मागं लागलो होतो."

इतकी वर्षं मी त्या कपाटावर चिडले होते. त्या मोकळ्या जागेचा अर्थ मला वारंगा ते हिंगोलीच्या गाडीत कळला, आणि तोही मीच सगळं घालवल्यावर. स्वतःचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

घरी पोचलो तर दादी दारात बसलेली. माझ्याकडं बघून म्हणाली, "काहून रडून राहिली? कपडे गेले. हात गेले का माझे?" आणि बापूंना म्हणाली, "आन तुझी ती लाकडाची बाई. सुई आन. शिवू त्याच मापाचं."

बापूंकडे निर्मळची एक लाकडी बाई होती, रंग पूर्ण उडालेली. तिच्या अंगावर बसेल एवढा फेटिया, एवढीशी कांचळी. दादीला ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी सुईचं भोक दिसत नव्हतं, तेव्हा दोरा मी ओवायची. गॅदरिंगच्या ओढणीचे आरसे मी काढून दिले, तर एकेक आरसा पुतळ्याच्या पाठीएवढा. मग बारीक टिकल्या आणल्या. कवड्यांच्या जागी पांढरे मणी. दादीला एकही आकडा सांगता येत नव्हता. हात बरोबर जिथं यायचा तिथं टाका घालत होता. बापू शेजारी वही घेऊन बसलेले. "थांब, थांब याडी, हा टाका कितवा?" तिनं त्यांच्या बोटांवर सुईची डबी आपटली. "गप बस. मोजता मोजता बाप झाला, तरी टाका कळंना."

मी दर रविवारी हिंगोलीहून यायची. ओवायला म्हणून आले आणि मधल्या पट्टीचा टाका शिकले. संक्रांतीपर्यंत पोशाख झाला. लाल फेटिया, निळी पट्टी, पाठीवर उघडी कांचळी, डोक्यावरून ओढणी. बापूंनी पुतळा उजेडात धरून चहूबाजूंनी बघितला. कुठं चूक सापडेना. मग सापडली.

"घुगरी राहिली."

"घुगरी न्हाई," दादी म्हणाली.

"घुगरीबिगर पोशाख अर्धा, याडी. चूक दिसती."

"ही कोण हाय?"

"तू."

"मंग माझा नवरा कुठंय?" दादीनं विचारलं. "मी जिती हाय तवर हिला घुगरी न्हाई."

ज्या माणसानं दसऱ्याच्या प्रदर्शनात अर्धा तास भांडण केलं, त्यानं तो पुतळा मुकाट्यानं नेऊन दुसऱ्या कप्प्याच्या मधोमध ठेवला. नऊ वर्षांनी जागा भरली. खाली चिठ्ठी लावली: जमनाबाई आडे, लोहारदरा तांडा, स्वतः शिवलेले. पुढं एकदा इतिहासाचे एक सर घरी आले. निरखून म्हणाले, "यात घुगरी राहिलीय, आडेसाहेब." मी बघतच राहिले. बापू म्हणाले, "न्हाई सर. बराबर हाय ते."

तो स्टीलचा डबा दादीनं स्वतःकडे ठेवून घेतला होता. मला तो डोळ्यांपुढं नको होता. ती त्यात सुपारी, अडकित्ता, गोळ्या आणि कसल्या कसल्या पुड्या ठेवी आणि मला मुद्दाम हाक मारून म्हणे, "दिपा, तुझा डबा आन ग."

दोन हजार सातच्या श्रावणात दादी गेली. साडीतच गेली. मी नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेली हिरवी साडी आईनं तिला नेसवली. सगळे म्हणाले, नातीची साडी मिळाली, भाग्याची म्हातारी. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

दिवस झाल्यावर आईनं तो डबा उघडला. तळाशी एका फडक्यात दादीची घुगरी होती, दोन्ही बाजूंची. तेवीस वर्षं तिनं कुठं लपवली होती कोणास ठाऊक. चांदी काळी पडली होती. खाली लोंबणाऱ्या बारीक घुंगरांपैकी दोन घुंगरं, प्रत्येक बाजूचं एकेक, तिनं स्वतःच तोडून लाल दोऱ्यात वेगळी बांधून ठेवली होती. दोऱ्याला दोन मोकळी टोकं सोडलेली, पुतळ्याच्या डोक्याला बांधायला पुरतील एवढी.

ती म्हणाली होती, जिती हाय तवर न्हाई. आता ती आजोबांकडे गेली होती.

बापूंनी कपाटातून पुतळा काढला. तो माझ्या हातात दिला आणि मी बांधायला घेतलं. गालांच्या दोन बाजूंना दोन घुंगरं. बापू चष्मा लावून जवळ आले, बघत राहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, "डावीकडची खाली आली. चूक हाय."

मी सोडून पुन्हा बांधली. मग उजवी वर गेली, ती सोडली. चार वेळा सोडली, चार वेळा बांधली, आणि तरीही मी चिडले नाही.